सिंगापूर, आई-बाबा आणि पाच वर्षांचा पोरगा : मुक्काम सिंगापुरात की पुलापलीकडं जोहोर बाहरूत?

वेदगंगाकाठचा
नमस्कार मंडळी. मी निपाणीचा. मे महिन्यात पहिल्यांदाच देशाबाहेर चाललोय. मी, बायको, आई (६८), बाबा (७३) आणि पाच वर्षांचा मुलगा. सिंगापूर, सहा रात्री. विमान बेंगळूरहून रात्री उशिरा, पोचतो सकाळी सहाच्या सुमारास.

एजंट म्हणतो, दोन रात्री सिंगापुरात काढा आणि चार रात्री जोहोर बाहरूत. म्हणजे मलेशियात, पुलापलीकडं. रोज सकाळी यायचं, रात्री परत. मलेशियाला सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही, आणि हॉटेल निम्म्याहून कमी पैशात. मी स्वतः बघितलं. तिकडं साडेतीन हजारात ऐसपैस खोली आहे, सिंगापुरात तेवढ्या पैशात खाटसुद्धा मिळेना. नकाशात पूल एक किलोमीटरचा दिसतोय. आमचं कागल त्याहून लांब आहे.

बाबांचा उजवा गुडघा दुखतो. आई शाकाहारी. फिरायला कार्ड घ्यायचं, टॅक्सी करायची की कसं, तेही सांगा. पॅकेज टूर नको आहे, बाबांना कुणी झेंडा धरून पळवलेलं चालत नाही.

तिसरं_गेट_टिळकवाडी
पॅकेजच घ्या की ओ. आमच्या साडूंनी घेतलं होतं, सकाळी नाष्ट्याला पोहे.

वेदगंगाकाठचा
पोहे घरी पण मिळतात हो.

कोगनोळी_नाका
भाऊ, निपाणीचा माणूस आणि हा प्रश्न विचारतोय? २०२१ विसरलात का? बहिणीकडं कागलला बारशाला गेलो होतो. जाताना वीस मिनिटं. येताना राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीला, आरटीपीसीआर दाखवा म्हणून अडवलं, दीड तास. आहेरात मिळालेलं पातेलं मांडीवर घेऊन गाडीत बसलो होतो. हद्द आहे म्हटल्यावर किलोमीटर मोजायचे नसतात, रांग मोजायची असते. आणि ही तर दोन देशांची हद्द, शिक्क्यांची.

अनगोळकर
मी केलंय हे. २०२४ च्या दिवाळीत, जोहोरला राहून सिंगापूर. कसं होतं ते सांगतो, मग ठरवा.

बसनं निघालात की जोहोरच्या बाजूला उतरायचं. मलेशियाचं इमिग्रेशन. खाली येऊन परत बस. पूल ओलांडला की वुडलँड्सला पुन्हा उतरायचं, सामानासकट. सिंगापूरचं इमिग्रेशन. पुन्हा खाली, पुन्हा बस, आणि मागची बस निघून गेलेली असते म्हणून पुढची. संध्याकाळी हेच उलटं. जिने आहेत, सरकते जिने आहेत, लिफ्ट शोधावी लागते. त्या पुलावरून रोज तीन लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. मलेशियात राहून सिंगापुरात कामाला जाणारे हजारोंनी. आपल्याकडची पोरं कागलच्या एमआयडीसीला जातात ना, तसंच. पहाटे चारपासून मोटरसायकलींची नदी वाहते. पूल १९२४ चा आहे, तेव्हा कुणाला एवढं वाटलं नसणार.

आम्ही दोघंच होतो, वय पस्तीस. तरी तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, तुझं वाचलेलं पैसे तू ठेव, मी हितंच झोपतो.

वेदगंगाकाठचा
रेल्वे पण आहे म्हणे? पाच मिनिटांची?

अनगोळकर
आहे. शटल तेब्राऊ. गाडी पाचच मिनिटं चालते. पण तिकीट आधी काढावं लागतं आणि सोयीच्या वेळेची तिकिटं राहत नाहीत. शिवाय ती वुडलँड्सला सोडते. तिथून शहरात यायला आणखी तास धरा. गाडी पाच मिनिटांची असली तरी दाराशी पोचायला किती लागतात ते विचारा.

सिंगापुरातली_अक्का
माहेर शहापूर, बेळगाव. इकडं अकरा वर्षं झाली. जरा लांबण लावणार आहे, वाचून घ्या.

पहिलं. व्हिसा एकदाच आत यायचा आहे की अनेकदा, ते कागदावर बघा. एकदाचा असेल तर पुलापलीकडं झोपायचा प्रश्नच संपला. दुसरं, मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड आणि सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड हे दोन्ही प्रत्येक माणसामागं भरायचं असतं. सिंगापूरचं पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साईट सापडतात, त्या सरकारी नव्हेत. एजंटानं त्याचे पैसे लावले असतील तर काढून घ्या.

आता मुक्काम. आई शाकाहारी म्हणता तर लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क. सरांगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, इडली-डोसा-थाळी. टेक्का सेंटरला भाजी, फुलं, कढीपत्ता सगळं. आई पहिल्या दिवशीच रुळतील. एक सांगते, रविवारी संध्याकाळी कामगार मंडळींना सुट्टी असते, मग दिवाळीच्या आदल्या दिवशीचा आपला खडेबाजार बघा. त्रास कुणाचा नाही, फक्त चालायला जागा नसते. त्या दिवशी संध्याकाळी दुसरीकडं फिरा.

हॉटेल निवडताना तीन गोष्टी फोन करून किंवा मेल टाकून विचारा.

खिडकी आहे का. हसू नका. इकडच्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात. वेबसाईटवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, फोटोत पडदा लावलेला असतो. माझे सासरे आले होते तेव्हा आम्ही त्यांना जवळच्या हॉटेलात ठेवलं. त्यांनी मोठ्या हौसेनं पडदा सारला, मागं भिंत. रात्रभर दिवा लावून बसले, सकाळ झालेली कळली नाही म्हणून चहाला साडेनऊला आले.

लिफ्ट आहे का. जुन्या शॉपहाऊसमधली हॉटेलं फोटोत फार गोड दिसतात. खाली दुकान, वर माडी, रंगीत खिडक्या. आपल्या गल्लीतल्या माडीच्या घरांसारखीच, आणि जिनाही तसाच. उभा. तुमच्या बाबांना तो चालणार नाही.

दरात कर धरला आहे का. दोन अधिकचिन्हं छापलेली दिसली की वर १० टक्के सेवा शुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी. जेवणाच्या मेनूकार्डावरही हेच. पहिल्या बिलाला सगळ्यांचं तोंड उतरतं.

राकसकोपचा_वारा
फ्लॅट का नाही घेत? पाच माणसं, स्वयंपाकघर असतं, आई भात-आमटी करतील. ॲपवर भरपूर दिसतात.

सिंगापुरातली_अक्का
नको. इथं खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला भाड्यानं देताच येत नाही, कायदाच आहे. सरकारी एचडीबी घरांना तर सहा महिने. ॲपवर दिसतात म्हणून कायदेशीर होत नाहीत.

मलप्रभेची_लेक
माझी गोष्ट ऐका. आम्ही खानापूरचे चौघं, फ्लॅट घेतला होता. आदल्या दिवशी मालकाचा मेसेज, वॉचमननं विचारलं तर मावसभाऊ आहोत म्हणून सांगा. मालक चिनी. आमच्या ह्यांचं नाक-डोळं बघून कोण मावसभाऊ म्हणेल? रातोरात रद्द केलं. निम्मे पैसे परत आले, निम्मे अजून येऊलालेत.

तिसरं_गेट_टिळकवाडी
😂 येऊलालेत. बेळगावची खूण.

वेदगंगाकाठचा
फ्लॅट बाद. जोहोर पण बहुतेक बाद, पण एजंटाला सांगायच्या आधी हिशेब करून बघतो. चार रात्रींना दोन खोल्यांचे साधारण तीस हजार वाचतात म्हणतो. ते सोडायला जीव होत नाही.

अनगोळकर
मग पूर्ण हिशेब करा. पाच माणसांचं दोन्ही वेळचं बसभाडं. रात्री उशीर झाला, पोरगं झोपलं की सीमेपलीकडं जाणारी टॅक्सी, ती महाग. रोजचे जाऊन-येऊन चार तास धरा. चार दिवसांचे सोळा तास, म्हणजे सहलीचा दीड दिवस रांगेत. गार्डन्स बाय द बे बागेत रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला झाडांवरचा दिव्यांचा खेळ असतो, फुकट. तो बघायचा की पुलावरची गर्दी वाढायच्या आत पळायचं, हे रोज ठरवायला लागतं. आम्ही तो बघितलाच नाही.

मी तीस हजार वाचवले असं सगळ्यांना सांगत होतो. बायको समोर नसली तर अजून सांगतो.

शिनोळी_फाटा
एक वेगळं मत. पलीकडं राहणं सगळ्यांनाच वाईट नसतं. आम्ही चंदगडकर रोज हद्द ओलांडून बेळगावात येतो, बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं तिकडंच. पण आम्हाला कुणी पासपोर्ट विचारत नाही, आणि आम्हाला रात्री घरी जायचं असतं. सहलीला गेलेल्या माणसाचं घर तिकडं नसतं. तरुण पोरं, पाठीवर एक पिशवी, मलेशियाही बघायचाय, तर जोहोर झकास. एकदाच ओलांडा, तिकडं दोन दिवस राहा, मग पुढं क्वालालंपूर. रोज ये-जा मात्र करू नका.

वेदगंगाकाठचा
पटलं. सिंगापूरच. अक्का, विमानतळावरून फॅरर पार्कला कसं यायचं? आणि कार्डाचं काय?

सिंगापुरातली_अक्का
सकाळी सहाला उतरता तर मेट्रो सुरू झालेली असते, पण पाच माणसं, सामान आणि रात्रभर न झोपलेले बाबा. त्या दिवशी टॅक्सीच करा, मोठी, सहा आसनी. पैशाचा विचार शेवटच्या दिवशी करा.

तरी मेट्रोचं सांगते, परतताना उपयोगी. चांगी विमानतळाचं स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये आहे. सगळे तनाह मेराला गाडी बदलतात. मी सामान असलं की एका स्टेशनवर, एक्स्पोला बदलते. तिथून निळी डाउनटाउन लाईन. ती लांबून वळसा घालते, पण लिटल इंडियापर्यंत पुन्हा बदलायला लागत नाही. जालान बेसार आधी येतं, लिटल इंडिया बऱ्याच नंतर, दोन्ही नकाशावर जवळजवळ दिसतात म्हणून घाबरू नका.

फॅरर पार्क जांभळ्या लाईनवर आहे. तीच सरळ हार्बरफ्रंटला जाते, तिथून सेंटोसा बेट. लिटल इंडियाहून निळ्या लाईननं चौथं स्टेशन बेफ्रंट, म्हणजे गार्डन्स. तुमची निम्मी सहल या दोन रंगांत बसते. म्हणून मी म्हणते, हॉटेल कुठल्या भागात यापेक्षा कुठल्या लाईनवर हे बघा, आणि स्टेशनच्या लिफ्टच्या दारापासून किती पावलं. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, पण प्रत्येक दाराला नाही. हॉटेलवाले सांगतात स्टेशन तीन मिनिटांवर. ते जिन्याचं दार असतं.

कार्ड. टॅपची खूण असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. चौघांना चार वेगळी कार्डं. परदेशी बँकेच्या कार्डाला जितके दिवस वापराल तितके दिवस ६० सेंट वर लागतात. आई-बाबांसाठी ईझी-लिंक कार्ड घ्या, गळ्यात अडकवा. मुलगा ९० सेंटिमीटरच्या वर असणार, पण सात वर्षांच्या आतला आहे, म्हणजे चाइल्ड कन्सेशन कार्ड काढलं की फुकट.

आणि बस विसरू नका. गुडघेदुखीला मेट्रोपेक्षा बस बरी. पायरी नाही, खिडकी आहे. मात्र हात दाखवल्याशिवाय थांबत नाही. पळायची गरज नाही, हे काही आपलं बेळगावचं सीबीटी स्टँड नव्हे, पण हात करा. चढताना टॅप, उतरताना टॅप. उतरताना विसरलात तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचे पैसे जातात. उतरताना टॅप केल्यापासून ४५ मिनिटांत दुसऱ्या बसनं किंवा मेट्रोनं गेलात तर तो एकच प्रवास धरतात.

खानापूरचा_जावई
पोराचं एक महत्त्वाचं. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट लागते. रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरून येणाऱ्या खाजगी गाडीला नाही. आम्ही साधी ग्रॅब बोलावली, ड्रायव्हरनं लेकीकडं बघितलं, मान हलवली आणि गेला. पावसात उभे. ॲपमध्ये मुलांसाठी वेगळा पर्याय असतो तो निवडा, नाहीतर टॅक्सी.

मलप्रभेची_लेक
प्राणिसंग्रहालयाला जाणार असाल तर मेट्रो तिथपर्यंत नाही. खातिब स्टेशनवरून मंडाईची, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या भागाची, शटल बस आहे. आमची माणसं गूगल बघत बसली आणि टॅक्सीला पैसे घातले.

वेदगंगाकाठचा
सगळ्यांचे आभार. आता एक नाजूक प्रश्न. बाबा तंबाखू खातात. निपाणीचे आहेत, काय सांगणार. चंची बरोबर घ्यायची म्हणतात. थोडी चालेल ना?

सिंगापुरातली_अक्का
अजिबात नाही. चघळायची तंबाखू, गुटखा, खैनी, सगळ्यावर बंदी आहे, स्वतःपुरती सुद्धा. सिगारेटला तर एका कांडीचीही करमाफी नाही. चंची भारतातच राहू दे. आणि आईंना सांगा, अनारसे-करंज्या आणायच्या असतील तर खसखस लावू नका. खसखस इथं अमली पदार्थांच्या कायद्यात येते.

तिसरं_गेट_टिळकवाडी
खसखस?? अनारशावर केस?

सिंगापुरातली_अक्का
हो. कुंदा आणा. कुंद्याला कुणी अडवलेलं नाही अजून. दोन डबे आणा.

कोगनोळी_नाका
बेंगळूरला कसं जाणार ते ठरवलं का? खाजगी स्लीपर शहरात सोडते, विमानतळ तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. विमान रात्रीचं असेल तर बेळगावहून पहाटेची वंदे भारत, दुपारी बेंगळूर, संध्याकाळी वायू वज्र बसनं विमानतळ. वयस्कर माणसांना रात्रीच्या बसपेक्षा बरं पडतं.

राकसकोपचा_वारा
आणि फॉर्मवर जन्मगाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. पासपोर्टवर बेळगाम असेल तर बेळगाम. २०१४ नंतरच्या दाखल्यांवर बेळगावी असतं, दोन्ही कागद समोर ठेवून अर्ज भरताना माणूस घोळ घालतो. (बेळगाव की बेळगावी हा वाद इथं सुरू करू नका, त्याला वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसाद झालेत.)

वेदगंगाकाठचा
जाऊन आलो मंडळी. उशिरा लिहितोय, आल्याबरोबर पेरणीची घाई होती.

फॅरर पार्क स्टेशनपासून चार मिनिटांवर हॉटेल घेतलं. लिफ्टच्या दारापासून चार मिनिटं, विचारून. दोन खोल्या, एकीला खिडकी होती, दुसरीला ‘खिडकी’ होती, म्हणजे आतल्या बोळात उघडणारी. मोठी खिडकी आई-बाबांना. खोल्या इतक्या लहान की बॅग उघडली तर बाथरूमचं दार उघडत नव्हतं, पण दिवसभर बाहेरच होतो.

सकाळी सहाला पोचलो, खोली तीनला मिळणार. हे आधी डोक्यात आलंच नव्हतं. हॉटेलनं सामान ठेवून घेतलं, पण बाबांना आडवं व्हायचं होतं. शेवटी अर्ध्या दिवसाचे जादा पैसे भरून एक खोली नऊला उघडून घेतली. तो खर्च आधीच धरा. किंवा चांगीलाच रमतगमत वेळ काढा, तिथला ज्वेल मॉलमधला धबधबा चाळीस मीटरचा आहे, पोरगं तिथून हलत नव्हतं.

बस हा सगळ्यात चांगला सल्ला होता, अक्का. बाबा दुमजली बसमध्ये वर जायचं म्हणत होते, गुडघ्यानं नाही म्हटलं, मग खाली पुढच्या सीटवर बसून सगळं शहर बघितलं. तिसऱ्या दिवसापासून हात दाखवून बस थांबवायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं, दुसऱ्या कुणी हात केलेला चालत नव्हता. आई एकदा उतरताना टॅप विसरली, पैसे गेले. मग दर स्टॉपला विचारायची, आता टॅप करू?

प्राणिसंग्रहालयाच्या दिवशी येताना वुडलँड्सला वाट वाकडी केली. पाण्याच्या काठाला बाग आहे, तिथून जोहोर आणि तो पूल दोन्ही दिसतात. संध्याकाळची वेळ, पुलावर गाड्या मुंगीच्या चालीनं. बाबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, “आपलं कोगनोळीच की. मधी पाणी तेवढं.” मी त्यांना तीस हजारांचं सांगितलेलं नव्हतं, तेव्हा सांगितलं. काही बोलले नाहीत, पण परतताना आईसक्रीमचे पैसे त्यांनी दिले.

अक्का, कुंदा पोचला ना? डबा परत द्यायची गरज नाही.

बाबांची चंची बेंगळूरला मेहुण्याकडं ठेवली होती. परत येताना गाडी गाठायच्या गडबडीत ती तिथंच राहिली. येलहंका भागातून कुणी निपाणीकडं येणार असेल तर कळवा. बाबा रोज विचारतात.

तिसरं_गेट_टिळकवाडी
पुढच्या शनिवारी येतोय. पत्ता मेसेज करा. आतली तंबाखू राहील याची हमी नाही.